एका स्लोव्हेनियन गावाची मोजणी : जमीन, नाव आणि इतिहास कसा काढावा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली, सातारा जिल्ह्यात. मुलगा स्लोव्हेनियात नोव्हा गोरित्साला कामाला असल्यामुळे आता वर्षातले काही महिने मी तिकडे असते. खातं सुटलं तरी सवय सुटली नाही. गाव दिसलं की शिव कुठे, पाणी कुठून येतं, जुन्या कागदात नाव काय लागलंय, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं विचारतात, की काकू, आम्ही राहतो त्या गावाची माहिती काढायची तर सुरुवात कुठून करायची? म्हणून पद्धत लिहून ठेवते. उदाहरणाला एकच गाव घेते : विपाउस्की क्रीश. नोव्हा गोरित्साहून पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर आयदोउश्चिना नावाचं छोटं शहर आहे, त्याच्या अलीकडे टेकडीवर हे गाव बसलंय. वस्ती शेकड्यांत मोजावी एवढीच, पण कागद भरपूर.

आधी टेकडी, मग किल्ला

पर्यटक गावात शिरतात ते थेट किल्ल्याच्या पडक्या भिंतींकडे जातात. तुम्ही तसं करू नका. आधी गावाबाहेर, खालच्या रस्त्यावर उभे राहा आणि उत्तरेकडे तोंड करा.

समोर चुनखडीची सरळ उभी कड दिसेल. तो त्र्नोव्स्की गोज्द हा पठारी जंगलाचा प्रदेश. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, नानोस. त्याची उंची सुमारे 1,300 मीटर. पाठीमागे दक्षिणेला विपावाच्या बुटक्या टेकड्या, आणि त्यांच्यापलीकडे कार्स्टचं पठार. मधल्या या लांबट खोऱ्यातून विपावा नदी पश्चिमेला जाते आणि पुढे इटलीत सोचा नदीला मिळते. आपल्या डोळ्यांना काळ्या कातळाचे थरावर थर बघायची सवय. इथला हिशोब वेगळा आहे. वरचं पठार चुनखडीचं, म्हणजे पाणी पिऊन टाकणारं, आणि खोऱ्याचा तळ फ्लिशचा, म्हणजे वालुकाश्म आणि चिकट मातीच्या खडकाचे पातळ थर, ज्यांतून पाणी मुरत नाही. वर पडलेला पाऊस चुनखडीतून खाली झिरपतो आणि फ्लिश लागला की डोंगराच्या पायथ्याला झऱ्यातून बाहेर पडतो. आयदोउश्चिनाचा हुबेल्य झरा असाच, विपावा नदीचे उगमाचे झरेही असेच. नकाशावर झऱ्यांचे ठिपके जोडा, दोन खडकांची हद्द तुम्हाला घरबसल्या मिळेल. फ्लिश घसरतोही. लोकावेत्स गावाच्या वर स्लानो ब्लातो नावाचा भूस्खलनाचा पट्टा 2000 साली पुन्हा सरकू लागला. त्यामुळे जुनं गाव टेकडीच्या माथ्यावर का, या प्रश्नाला ‘शत्रूच्या भीतीने’ एवढंच उत्तर लिहून मोकळे होऊ नका.

दुसरी गोष्ट वारा. त्याला बुर्या म्हणतात. ईशान्येकडून, पठारावरची थंड जड हवा कडेवरून खाली कोसळते, आणि हिवाळ्यात तिचे झोत ताशी 200 किलोमीटरच्याही वर जाऊ शकतात. अशा दिवशी खोऱ्यातल्या महामार्गावर ताडपत्रीच्या ट्रकांना बंदी असते. गावात फिरताना घरांची ईशान्येची भिंत बघा : खिडकी नाही, किंवा असलीच तर हातभर. दार आणि आंगण दक्षिणेला. कौलांवर ओळीने दगड ठेवलेले. उंच भिंतीने बंद केलेल्या आंगणाला तिथे बोर्याच म्हणतात. घर कोणत्या दिशेला पाठ करून उभं आहे हे टिपून ठेवलंत तर पुढे जुन्या नकाशातली घरं ओळखायला फार उपयोग होतो.

या वाऱ्याने एक लढाईही गाजवली आहे. इसवी सन 394च्या सप्टेंबरात रोमन सम्राट थिओडोसियस आणि त्याचा प्रतिस्पर्धी युजिनियस यांची सेना ‘फ्रिगिडस’ नदीकाठी, म्हणजे याच खोऱ्यात, भिडली. थिओडोसियस जिंकला. ख्रिस्ती लेखकांनी लिहून ठेवलंय की वारा युजिनियसच्या सैन्याच्या तोंडावर आला. नेमकी जागा कोणती यावर इतिहासकारांचं एकमत नाही, म्हणून कुणी ‘इथेच झाली हो’ म्हणून एखादं शेत दाखवलं तर मान हलवावी आणि वहीत लिहू नये. रोमन तळाच्या भिंती मात्र आयदोउश्चिनात आजही उभ्या आहेत. त्या शहराचं नावच ‘आय्द’ म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या, जुन्या धर्माच्या माणसांवरून पडलं. पुढच्या लोकांना ते अवशेष बघून तसं वाटलं असावं.

नाव : आधी कान, मग अक्षर

गावाचं नाव आपण इंग्रजीवरून उचललं तर ‘व्हिपावस्की क्रिझ’ लिहू. गावकऱ्याच्या तोंडून ऐका. तिथला ‘व’ आपल्या ‘व’सारखाच आहे, ओठ-दात घासणारा ‘व्ह’ नाही. व्यंजनाच्या आधी तो ‘उ’ होतो. आणि शब्दाच्या शेवटी आलेला घोष उच्चार अघोष होतो. म्हणून विपाउस्की क्रीश. बोलताना लोक नुसतं क्रीश म्हणतात.

पण वाक्यात हे नाव असंच सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘क्रीशमध्ये’ हे ‘उ विपाउस्केम क्रीझु’ होतं, ‘क्रीशहून’ हे ‘इझ विपाउस्केगा क्रीझा’. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे अडतात. मराठी माणसाने अडू नये, कारण साताऱ्याला, पुण्याहून, वाईत हे आपण रोज करतो. जुन्या मजकुरात शोध घेताना पूर्ण नाव न टाकता मूळ अंगापुरतं टाका, म्हणजे सगळी रूपं हाती लागतात.

आता खरी गुंतागुंत. हे गाव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘विपाउस्की क्रीश’ नव्हतंच. ते होतं ‘स्वेती क्रीश’, पवित्र क्रूस. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कम्युनिस्ट सरकारने 1948 मध्ये वस्त्यांच्या, चौकांच्या आणि रस्त्यांच्या नावांचा कायदा केला. त्याच्या आधारे पुढच्या काही वर्षांत देशभरच्या नावांतले धार्मिक शब्द काढून टाकले. इथे ‘पवित्र’ गेलं, क्रूस राहिला, आणि ओळखीसाठी खोऱ्याचं नाव पुढे जोडलं. दुसरीकडे क्रूसही राहिला नाही : क्रका नदीकाठचं स्वेती क्रीश झालं पोद्बोच्ये, लितियाजवळचं झालं गाब्रोउका. स्लोव्हेनियात सहा हजारांच्या वर वस्त्या आहेत, त्यात असे बदल खूप. म्हणून जुन्या कागदात ‘स्वेती क्रीश’ दिसलं की लगेच आनंदू नका, आधी कुठलं ते ठरवा. त्रिएस्तेजवळ इटलीत आणखी एक क्रीश आहे. व्हिएन्नाजवळ त्याच अर्थाच्या जर्मन नावाचा, हायलिगेनक्रॉइत्सचा, 1133 साली स्थापन झालेला मठ आहे, आणि आपल्या गावाचंही जर्मन नाव तेच. संगणकावर शोधलंत तर पहिली शंभर पानं त्या मठाची निघतील.

कायद्याचा हात एका माणसापर्यंत मात्र पोहोचला नाही. 1647 साली या गावात तोबिया लिओनेल्ली नावाचा मुलगा जन्मला. तो कापुचिन या ख्रिस्ती पंथाचा साधू झाला, प्रवचनकार म्हणून गाजला, आणि गावावरून यानेझ स्वेतोक्रीश्की या नावाने ओळखला गेला. 1691 ते 1707 या काळात त्याच्या स्लोव्हेनियन प्रवचनांचे पाच खंड छापून निघाले. शाळेच्या पुस्तकात तो आजही स्वेतोक्रीश्कीच आहे. गावाचं जुनं नाव सरकारी पाटीवरून गेलं आणि साहित्याच्या इतिहासात तसंच राहिलं. तुमच्या गावाचं जुनं नाव शोधताना असा एखादा माणूस, मठ किंवा दारूची जात सापडते का बघा. कार्यालयं नाव बदलतात, आडनावं सहसा मागे राहतात.

लिपीबद्दलही सांगते. 1840च्या दशकाआधीचा स्लोव्हेनियन मजकूर वेगळ्या वर्णपद्धतीत, बोहोरिचित्सात, लिहिलेला असतो. आज जिथे डोक्यावर उलटी टोपी घातलेला ‘झेड’ येतो तिथे तेव्हा ‘एस-एच’ अशी जोडी असे. ती इंग्रजीसारखी ‘श’ वाचली की पुढचं सगळं चुकतं.

कोणाचं राज्य, त्याची भाषा

वहीत एक कोष्टक आखा : साल, राज्य, कागदाची भाषा, गावाचं नाव. माझ्या मते सगळ्या कामातलं हेच पान महत्त्वाचं. हे नसेल तर दप्तरखान्यात जाऊन हात हलवत परत याल.

क्रीशचं कोष्टक थोडक्यात असं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गोरित्साच्या काउंटांनी तुर्की स्वाऱ्यांच्या भीतीने इथे किल्ला आणि तटबंदी केली. 1500 साली ते घराणं निपुत्रिक संपलं आणि मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे गेला. 1532 मध्ये गावाला शहराचे हक्क मिळाले, म्हणजे आज खेडं म्हणून नोंदलेलं हे ठिकाण जुन्या कागदात शहर म्हणून शोधायचं. पुढे किल्ला आटेम्स घराण्याकडे आला. 1637 मध्ये कापुचिन मठाची स्थापना झाली आणि तो मठ आजही चालू आहे. 1809 ते 1813 नेपोलियनचे इलिरियन प्रांत, मग पुन्हा ऑस्ट्रिया. 1902 मध्ये आगगाडी आली ती आयदोउश्चिनात, टेकडीवर नाही. पेठ खालीच वाढली आणि वरचा तट शांत पडला.

पहिल्या महायुद्धात सोचाची आघाडी पश्चिमेला होती आणि हे खोरं ऑस्ट्रियन सैन्याची पिछाडी. युद्ध संपल्यावर इटलीचं सैन्य आलं, 1920च्या रापाल्लो कराराने खोरं रीतसर इटलीचं झालं, आणि गाव ‘सांता क्रोचे’. शाळांतून स्लोव्हेनियन भाषा काढली गेली, पुढे आडनावंही इटालियन केली गेली. या काळातला एखादा मनुष्य शोधत असाल तर आडनावाची दोन्ही रूपं जवळ ठेवा. 1943 मध्ये इटली शरण गेल्यावर जर्मन आले. 5 मे 1945 रोजी स्लोव्हेनियाचं राष्ट्रीय सरकार नेमलं गेलं ते आयदोउश्चिनात. खोरं कायदेशीररीत्या युगोस्लाव्हियात गेलं सप्टेंबर 1947 मध्ये, आणि 25 जून 1991 रोजी स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला.

या यादीतली बारीक गोम अशी की हद्द प्रत्येक वेळी दूरच्या राजधानीने हलवलेली नाही, काही हद्दी गावातच होत्या. आयदोउश्चिनातून वाहणारी हुबेल्य नदी ही गोरित्सा आणि क्रान्यस्का या दोन प्रांतांमधली सीमा होती. पलीकडचं श्तूर्ये आज त्याच शहराचा भाग आहे, पण त्याचे जुने कागद वेगळ्या प्रांतात लागलेले. ओढा ओलांडला की तालुका बदलतो हे आपल्याला नवीन नाही.

कडस्त्रे : माझ्या आवडीचा भाग

ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ याने 1817च्या डिसेंबरात फर्मान काढलं की सगळ्या जमिनीची मोजणी करून सारा ठरवायचा. त्यातून जे नकाशे निघाले त्यांना फ्रांत्सिस्केन कडस्त्रे म्हणतात. त्यांचं प्रमाण 1:2880. हा आकडा विचित्र वाटतो, पण मोजणीदाराला त्यात गंमत आहे. व्हिएन्नाचं एक क्लाफ्टर म्हणजे सहा फूट, म्हणजे 72 इंच. नकाशातल्या एका इंचात 40 क्लाफ्टर बसवले, 72 गुणिले 40, झाले 2880. आमच्याकडे 33 फुटी साखळी आणि 33 गुणिले 33चा गुंठा, तसाच हा हिशोब. मीटर नंतर आला, पण आकडा नकाशांवर राहिला.

नकाशा उघडलात की आधी रंग बघा. दगडी बांधकाम लालसर, लाकडी पिवळं. आल्प्सकडच्या गावांत पिवळा खूप दिसतो, या खोऱ्यात मात्र लालच लाल. घरांना आणि शेतांना क्रमांकांच्या दोन वेगळ्या माळा असतात. 15 नंबरचं घर आणि 15 नंबरचं शेत यांचा संबंध असेलच असं नाही. नकाशाबरोबर मालकांची यादी असते. ती नसेल तर नकाशा नुसतं चित्र आहे, म्हणून दोन्ही एकदम मागा. या भागाचे कागद गोरित्सिया (म्हणजे आज इटलीत असलेलं जुनं गोरित्सा), त्रिएस्ते आणि ल्युब्ल्याना असे विखुरलेले असू शकतात, तिन्हीकडे विचारायची तयारी ठेवा. त्याआधीचं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं लष्करी सर्वेक्षणही बघण्यासारखं आहे. ते सैन्यासाठी केलेलं असल्यामुळे गावात भक्कम इमारत कोणती, रस्ता पावसात चालतो का, ओढा उतरता येतो का, हे वर्णनात लिहिलेलं असतं. हाब्सबुर्ग काळाचे हे नकाशे आर्केनम या संकेतस्थळावर आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात.

आजचा नकाशा बघायचा तर सरकारी भूमापन खात्याचं ‘ए-प्रोस्तोर’ हे संकेतस्थळ आहे. तिथे ‘कातास्तर्स्का ओब्चिना’ निवडावी लागते. हिला आपलं महसुली गाव समजा. नुसती ‘ओब्चिना’ म्हणजे नगरपालिका, त्या देशात 212 आहेत आणि क्रीश आयदोउश्चिनाच्या ओब्चिनात येतं. दोन्हींत गल्लत केली की दुसऱ्याच गावचे गट उघडतात. वस्तीची हद्द आणि महसुली गावाची हद्द जुळेलच असंही धरू नका. आणि आपल्या सातबाऱ्यावर जमीन आणि मालक एकाच कागदावर दिसतात तसं तिथे नाही. जमिनीचा आकार भूमापन खात्यात, मालकी कोर्टाच्या ‘झेम्ल्यीश्का क्न्यीगा’त, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत. हे दोन जुळवले की मोजणी पुरी.

दारावरचे आकडे आणि माणसं

आता गावात शिरा. आंगणाच्या दगडी कमानीवर साल, कधी मालकाची आद्याक्षरं, कधी ख्रिस्ताचं चिन्ह कोरलेलं असतं. ते साल कमानीचं. घर त्याआधीचं असू शकतं, आणि कमान दुसऱ्या पडक्या घरातून आणलेलीही असू शकते. त्यामुळे ‘घर अमुक सालचं’ असं न लिहिता ‘कमानीवर अमुक साल’ असं लिहा. घरांच्या नंबरांचा क्रम चालत जाऊन लागेल असं समजू नका. हाब्सबुर्ग मुलखात 1770 पासून घरांना नंबर पडले, आणि नंतरची घरं मिळेल तो पुढचा नंबर घेत गेली.

माणसांशी बोलायचं तर ‘दोबेर दान’ म्हणा आणि वयस्कर माणसाला अहो-जाहोनेच बोला. त्यांच्या भाषेतही तू आणि तुम्ही वेगळे आहेत, आणि चुकीचा वापर त्यांनाही आपल्याइतकाच खटकतो. मग एक प्रश्न विचारा : ‘काको से पो दोमाचे रेचे प्री वास?’ तुमच्या घराला गावात काय म्हणतात? प्रत्येक जुन्या घराला आडनावाहून वेगळं असं घरनाव असतं, लोहाराचं घर, शिंप्याचं घर अशा धर्तीचं. मालक बदलले, आडनाव बदललं, तरी घरनाव बहुधा टिकतं. एका आजींना मी हे विचारलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “हे पोस्टमनसुद्धा विचारत नाही आता.” आणि मग आख्ख्या गल्लीची घरनावं त्यांनी बोटाने दाखवत सांगितली. लिहून घ्यायला कागद पुरला नाही. चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांत हाच माणूस लॅटिनमध्ये योआन्नेस, जर्मन कागदात योहान, इटालियनमध्ये जोव्हान्नी आणि घरात यानेझ असतो. तेव्हा घरनावाचाच आधार होतो.

दुसऱ्या भागात गेलात तर

पद्धत हीच ठेवा, पण कोष्टकातले रकाने बदला. प्रेकमूर्येत, देशाच्या ईशान्य टोकाला, इटालियनऐवजी हंगेरियन येईल. तो भाग पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीत होता, आणि लेन्दावाकडच्या पाट्या आजही दोन भाषांत असतात. कोपेरच्या किनाऱ्यावर इटालियन आजही अधिकृत आहे, आणि तिथे 1947 हे साल पुरत नाही, 1954 पर्यंत जावं लागतं. क्रान्यस्काच्या बऱ्याच गावांत मुख्यतः जर्मन आणि स्लोव्हेनियन, काम निम्मं होतं. सगळ्यात अवघड देशाच्या दक्षिणेकडचं कोचेव्ये. तिथली जर्मन भाषिक शेतकरी कुटुंबं 1941-42च्या हिवाळ्यात हलवली गेली, कितीतरी गावं मोडली आणि त्यांवर जंगल आलं. तिथे घरनाव सांगायला कुणी भेटेल याच्यावर विसंबू नका. 1:2880चा नकाशा आधी छापून घ्या, मग बूट घाला.